ब्रायटनला दोन तास देणाऱ्या टूर कंपन्यांना खुलं पत्र

टूर कंपन्यांचे मालक, टूर मॅनेजर आणि बसमध्ये माइक हातात घेऊन बोलणारी समस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कुणाचं नाव घेत नाही. गेल्या सप्टेंबरात माझे काका-काकू ज्या कंपनीबरोबर आले ती काही एकटीच अशी नाही. मी अकरा वर्षं होव्हला राहते, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला अगदी चिकटून, आणि उन्हाळ्यात मराठी ग्रुप पियरच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याच्या, तोंडाशी हमखास दिसतात, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात चिवड्याचं पाकीट आणि मागून कुणीतरी ओरडतंय की सव्वाचारला बस सुटणार, कुणासाठी थांबणार नाही. मला बरं वाटतं हो ती माणसं बघून. कानावर मराठी पडते, दोन शब्द बोलणं होतं, एकदा एका आजींनी न मागता लसणाची चटणी दिली होती. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच, तुमच्याबद्दल आहे.

आधी काय झालं ते सांगते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर पलटणीतून, रिटायर झालेले, वय चौऱ्याहत्तर, गुडघे माझ्यापेक्षा चांगले. त्यांना परदेश बघायची हौस अशी नव्हती, ती काकूला. पण तुमच्या ब्रोशरमध्ये ब्रायटनच्या दिवसापुढे ‘भारतीय जवानांच्या स्मृती आणि सावरकरांचा समुद्र’ असं छापलेलं त्यांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पैसे भरून आले. तेवढा कागद त्यांनी कापून पाकिटात ठेवला होता. मला फोन करून म्हणाले, छत्री बघायची आहे, तू तिथे ये.

छत्री म्हणजे काय ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसावं, म्हणून सांगते. ब्रायटनच्या उत्तरेला पॅचम नावाचा भाग आहे, त्याच्यावर साउथ डाउन्सच्या टेकड्या सुरू होतात, वर नुसतं गवत आणि मेंढ्या. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून, फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरचे जखमी हिंदुस्थानी सैनिक ब्रायटनच्या हॉस्पिटलांत आणायला लागले, आणि त्यातले जे हिंदू आणि शीख इथे वारले त्यांना या टेकडीवर आणून अग्नी दिला. ५३ जणांना. अस्थी समुद्रात सोडल्या. मुसलमान सैनिकांना वोकिंगला नेऊन दफन केलं. लढाई संपल्यावर दहनाच्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली, आठ खांब, वर घुमट, उंची साधारण २९ फूट, आणि चिता जिथे रचायचे ते चौथरे तीन मोठ्या ग्रॅनाइटच्या शिळांनी झाकले. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सनी तिचं अनावरण केलं. आणि डिझाइन कुणाचं, तर ई. सी. हेन्रिक्स नावाच्या मुंबईच्या एका तरुण आर्किटेक्टचं. दुसऱ्या महायुद्धात टेकडीवर लष्कराचा सराव चालायचा तेव्हा छत्रीवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती नंतर दुरुस्त केली. २०१० मध्ये शेजारी त्या ५३ जणांची नावं कोरलेली भिंत उभी राहिली. म्हणजे मेल्यावर ९५ वर्षांनी त्या जागेवर त्यांना नाव मिळालं.

तर काकांची तयारी अशी होती. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलनी नकाशा काढलेला, गुगलवरून बघून, पॅचमचं चर्च कुठे, हायवे कुठे, पायवाट कुठे वळते, अगदी कॉन्टूर रेषांसकट (सॅपर आहेत शेवटी). पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि उदबत्तीचा एक पुडा. काडेपेटी पण आणली होती, ती मुंबई एअरपोर्टवर काढून घेतली, त्यावरून काकू तीन दिवस हसत होती.

मी तीन आठवडे आधी तुमच्या ऑफिसला मेल केली, दोनदा फोन केला, की ब्रायटनला माझी गाडी आहे, काकांना मी नेईन आणि बस सुटायच्या आत आणून सोडेन. उत्तर मिळालं, तिथे मॅनेजरशी बोला. मॅनेजर म्हणजे सव्वीस-सत्तावीसचा गोड मुलगा, मला काकू म्हणाला, तेही मी सोडून दिलं, पण त्याचं एकच पालुपद, ग्रुप सोडता येत नाही, इन्शुरन्सचा प्रश्न येतो, वरून परमिशन नाही. बस लंडनहून उशिरा निघाली होती, जेवणात पाऊण तास गेला, अडीच तासांचे उरले एक तास चाळीस मिनिटं. त्यात राजवाड्याचा, म्हणजे रॉयल पॅव्हिलियनचा, बाहेरून फोटो, पियरवर चक्कर, ‘फ्री टाइम फॉर शॉपिंग’. काका बसच्या दाराशी उभे राहून उत्तरेकडे बघत होते. तिथून छत्री दिसत नाही, नुसत्या इमारती दिसतात, तरी बघत होते. मग आइस्क्रीम खाल्लं आम्ही, गोट्यांवर बसून, कारण इथे वाळू नाही, सगळे गोटेच, आणि काकूच्या हातातल्या चिप्सवर सीगलनी झडप घातली. फोटो छान आलेत.

आता यात मला न पटलेल्या गोष्टी.

पहिली ही की तुमची बस लंडनहून ए-२३ हायवेनी येते. म्हणजे ती पॅचमवरूनच जाते, त्या टेकड्यांच्या पायथ्यातून, डाव्या हाताला वर कुठेतरी छत्री असते. तेव्हा बसमध्ये काय चाललं होतं? अंताक्षरी. काकांनी पाटी वाचली, उठून उभे राहिले आणि म्हणाले इथेच, तर त्यांना सांगितलं बेल्ट लावा. अंताक्षरीला माझा विरोध नाही, पण दोन मिनिटं माइकवर सांगायला काय हरकत होती की डावीकडे वर आपली ५३ माणसं जळली आहेत?

दुसरी गोष्ट राजवाड्याची, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण मी मागे उभी राहून सगळं ऐकलंय. तुमचा माणूस म्हणाला, जॉर्ज राजा हिंदुस्थानात गेला, ताजमहाल बघून वेडा झाला आणि परत येऊन तसाच बांधला. अहो, तो कधीच हिंदुस्थानात गेला नाही! ज्यानी बांधला तो जॉन नॅश, तोही नाही. डॅनियल म्हणून काका-पुतण्या चित्रकार आपल्याकडे फिरून गेले होते, त्यांची चित्रं बघून नॅशनी १८१५ ते १८२३ मध्ये ते घुमट-मिनार चढवले, आतून सगळं चिनी, ड्रॅगन आणि कमळं. अगदी सुरुवातीला तिथे साधं शेतघर होतं. हा जॉर्ज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, १७८३ ला पहिल्यांदा इथे आला तेव्हा तो प्रिन्स होता, आणि ब्रायटन तेव्हा समुद्राच्या पाण्याच्या उपचाराचं गाव म्हणून नाव काढत होतं, कारण जवळच्या लुईस गावचा एक डॉक्टर रसेल आधीच लोकांना सांगून गेला होता की समुद्रात डुंबा आणि ते पाणी प्या पण. लोक पीत होते! कोळ्यांचं गाव होतं ते, त्याचं असं शहर झालं.

बरं, हे चुकलं तरी एकवेळ चालेल, राजेराजवाड्यांच्या गोष्टीत थोडी फोडणी सगळेच घालतात. पण पुढे तो म्हणाला की पहिल्या महायुद्धात राजानं मोठ्या मनानं स्वतःचा महाल आपल्या जवानांसाठी रिकामा करून दिला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र मला गिळवलं नाही. हा महाल व्हिक्टोरिया राणीला आवडला नाही, आणि १८५० मध्ये तो ब्रायटनच्या लोकांनी ५३,००० पौंडांना विकत घेतला. १९१४ ला तो राजाचा नव्हताच, गावाचा होता, ६४ वर्षं. राजानं घर दिलं ही गोष्ट तेव्हाच मुद्दाम पसरवलेली आहे, पोस्टकार्डं छापून, पुस्तिका काढून, म्हणजे हिंदुस्थानातल्या लोकांना वाटावं की बादशहाचं आपल्यावर किती प्रेम, आणि भरती चालू राहावी. तो प्रचार शंभर वर्षांनी तुम्ही फुकटात करताय, तोही मराठीतून.

खरं जे आहे ते याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे हो. महाल आणि शेजारच्या डोम आणि कॉर्न एक्स्चेंज या दोन मोठ्या इमारती मिळून सातशेच्या वर खाटा. झुंबरांखाली ओळीनं पलंग. नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, कारण कोण कुणाच्या हातचं खाणार हा प्रश्न. प्रत्येक वॉर्डात हिंदूंना वेगळा नळ, मुसलमानांना वेगळा. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. बागेत तंबू ठोकून गुरुद्वारा. ऑगस्ट १९१५ मध्ये त्याच हिरवळीवर जमादार मीर दस्त यांना तेव्हाच्या राजानं, पाचव्या जॉर्जनं, स्वतः व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक दिलं. आणि दुसरी बाजू पण आहे, गावातल्या जुन्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या इमारतीत, जे दुसरं, किचनर हॉस्पिटल केलं त्याच्या भिंतींवर काटेरी तार लावली होती, आपली माणसं बाहेर गावात जाऊ नयेत म्हणून. त्यांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर फोडून वाचायचे. महालाच्या दक्षिणेचं जे दगडी दार आहे, ज्याच्यासमोर तुम्ही ग्रुप फोटो काढता, ते १९२१ ला हिंदुस्थानकडून भेट म्हणून दिलेलं आहे, पतियाळाच्या महाराजांनी त्याचं उद्घाटन केलं. या दारातून तुमच्या बसेसनी किती माणसं नेली असतील, आणि त्यांना सांगितलं काय, तर ‘सेल्फी पॉइंट’.

तुमच्या मॅनेजरनी मला एक वाक्य ऐकवलं, मॅडम, आपल्या लोकांना यात इंटरेस्ट नसतो, आणि त्यात मराठी होतं कोण? उत्तर देते. इथे आलेले बहुतेक पंजाबचे, गढवालचे, नेपाळचे, खरं आहे. मराठा पलटणी बऱ्याचशा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या, कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. पण २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल गावावर जो हल्ला झाला, घराघरात घुसून, संगिनी घेऊन, त्यात ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबर कोण होतं? खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. त्यांचं काम खंदक खणायचं आणि पूल बांधायचं, त्यांना पायदळासारखं पुढे घातलं आणि फार माणसं गेली. काकांनी हे पलटणीत शिकताना ऐकलेलं, चाळीस वर्षं डोक्यात ठेवलेलं. त्यांना इंटरेस्ट नाही म्हणता? आणि नसते तिथे कुणी मराठी, तरी काय झालं असतं.

आता सावरकरांचा समुद्र. ‘ने मजसी ने’ ही कविता त्यांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर केली, वय २६. त्याच वर्षी जूनमध्ये थोरल्या भावाला जन्मठेप काळ्या पाण्याची, ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रांना फाशी. बरोबर होते निरंजन पाल, बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव, जे पुढे बॉम्बे टॉकीजसाठी कथा लिहायला लागले. पुढच्या मार्चमध्ये सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं, ज्या स्टेशनातून आजही ब्रायटनची गाडी सुटते. हे सगळं तुम्ही सांगू शकता. तुम्ही काय करता, तर बसमध्ये गाणं लावता, लोकांचे डोळे भरून येतात (माझेही येतात), आणि मग बोट दाखवून सांगता ‘याच जागी उभे होते’. एका कंपनीचा गाइड पियरच्या डावीकडे दाखवतो, दुसरा पार बँडस्टँडपाशी, एकानी तर आय-३६० चा टॉवर दाखवला होता जो २०१६ ला सुरू झालाय! जागा बनवू नका हो. त्यापेक्षा असं सांगा की ते इथे आले तेव्हा हा पियर फक्त दहा वर्षांचा होता, १८९९ चा, पलीकडचा वेस्ट पियर तेव्हा धडधाकट होता, १८६६ चा, आणि किनाऱ्यानं फोक्सची विजेवरची छोटी रेल्वे धावत होती जी १८८३ ची, म्हणजे सावरकरांच्याच वयाची, आणि अजून धावते. लोकांना डोळ्यांसमोर उभं राहील. वेस्ट पियर १९७५ ला बंद झाला, २००३ ला दोनदा जळाला, आता पाण्यात नुसता लोखंडाचा सांगाडा उभा आहे, हिवाळ्यात संध्याकाळी त्याच्यावर साळुंक्यांच्या जातीचे पक्षी हजारोंनी घिरट्या घालतात. तुमच्या ग्रुपवर त्याचा फोटो ‘ब्रायटनचा तुटलेला पूल’ म्हणून फिरत होता.

आणि एक मला राहवत नाही म्हणून. कविता झाली १९०९ ला, आणि सहा वर्षांच्या आत त्याच समुद्रात त्या ५३ जणांची राख. समुद्राला घरी ने म्हणणारा एक जण आणि ज्यांना त्यानं नेलं नाही ते बाकीचे, सगळं चार-पाच मैलांच्या आत. माझ्या माहितीत कुठल्याच टूरमध्ये या दोन गोष्टी एका दमात कुणी सांगत नाही.

शेख दीन महंमदचं तर विचारूच नका. पाटण्याचा माणूस, लंडनमध्ये १८१० ला हिंदुस्थानी खाण्याचं कॉफी हाउस काढलं, ते बुडालं, मग ब्रायटनला येऊन वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली, दोन राजांचा चंपीवाला झाला. हो, शाम्पू हा शब्द चंपीतूनच आलाय. त्याचा हमामखाना जिथे होता तिथे आता क्वीन्स हॉटेल आहे, पियरपासून चालत दोन-तीन मिनिटं. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तुमचे लोक त्या हॉटेलसमोर उभं राहून टॉयलेट कुठे आहे विचारत असतात. टॉयलेटही तुम्ही आधी दाखवत नाही, तो वेगळाच विषय.

आता मागण्या. फार नाहीत.

ब्रोशरमध्ये जे छापता ते दाखवा, नाहीतर छापू नका. ‘जवानांच्या स्मृती’ लिहायचं आणि दुकानं दाखवायची ही फसवणूक आहे, मग तुम्ही तिला मार्केटिंग म्हणा नाहीतर काही.

ब्रायटनला पूर्ण दिवस द्या, किंवा निदान छत्रीचा ऑप्शन द्या. बस टेकडीवर जात नाही हे मला माहीत आहे, पॅचमच्या बाजूनं अर्धा-पाऊण तास चढ चालावा लागतो, हायवेचा पूल ओलांडून, पावसात चिखल असतो. ज्यांना झेपत नाही त्यांना पियरवर पाठवा. ज्यांना झेपतं त्यांना अडवू नका. ज्या माणसाचा नातेवाईक गावात आहे आणि सही करून जबाबदारी घेतोय, त्याला जाऊ द्या. तसा फॉर्म छापायला किती खर्च येतो?

राजवाडा आतून दाखवा. आत त्या हॉस्पिटलची माहिती देणारं दालन आहे. तिकीट लागतं, ते पॅकेजमध्ये धरा, लोक देतील, ते शॉपिंगला याच्यापेक्षा जास्त घालवतात.

माइकवर बोलणाऱ्यांना लिहून द्या काय बोलायचं ते. वाटलं तर मी लिहून देते, मराठीत, फुकट, चार पानं. त्यात ताजमहाल नसेल.

काकांचे पैसे परत मागत नाहीये, त्यांनीच सांगितलंय मागू नको म्हणून. जाताना त्यांनी मला तो नकाशा आणि उदबत्तीचा पुडा दिला, म्हणाले तू जाशील तेव्हा लाव. पुढच्या रविवारी मी गेले. नकाशा अगदी बरोबर होता, एक फाटक तेवढं त्यात नव्हतं. वर वारा असा की आठ काड्या वाया गेल्या, नवव्या काडीला दोन उदबत्त्या पेटल्या, भिंतीच्या आडोशाला धरल्या म्हणून. काकांना व्हिडिओ कॉल लावला तर वाऱ्यामुळे काही ऐकू जाईना. ते म्हणाले, बोलू नको, नुसतं दाखव. मग मी फोन त्या नावांवरून हळूहळू नेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि खडकीला ते मोठ्यानं वाचत होते. तीनदा थांबवलं, मागे घे म्हणाले, आडनाव नीट दिसलं नाही.

दर वर्षी जूनमध्ये छत्रीपाशी मानवंदनेचा कार्यक्रम असतो, शहरातले आणि बाहेरचे लोक येतात, कुणालाही जाता येतं. मी असते. तुमच्या जूनच्या टूरच्या तारखा अजून बदलता येतील. बस पॅचमला थांबवा, पुढचा रस्ता मी दाखवते. काडेपेटी मी आणते.

आपली,
होव्हला राहणारी एक खडकीकर